मुद्रा कोणाची, किल्ली कोणाची?

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ च्या सप्टेंबर महिन्यात इंग्रजांनी पदच्युत केले. त्यांच्यावर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांतील एक मोठा आरोप पत्रांचा होता. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी महाराजांनी कंपनी सरकारविरुद्ध गुप्त पत्रव्यवहार चालविला, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते आणि पुराव्यादाखल शिक्क्यांची कागदपत्रे पुढे करण्यात आली होती. ती पत्रे आपली नव्हेत, असे महाराज अखेरपर्यंत सांगत राहिले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे तेथे राहिले आणि हा पुरावा बनावट आहे, याची उघड व निःपक्ष चौकशी व्हावी, हे एकच गाऱ्हाणे कंपनीच्या भागधारकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे घालीत राहिले. ती चौकशी कधीच झाली नाही. महाराज १८४७ साली काशीत निवर्तले आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले.

ही हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, पत्र खरोखर कोणाचे, हा प्रश्न आता राजेरजवाड्यांपुरता उरलेला नाही. साताऱ्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या कोरेगावात राहणारा शिक्षक, पंचायत समितीतील लिपिक, महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी हे सगळे रोज ई-मेल लिहितात. रजेचा अर्ज, बदलीची विनंती, निवृत्तिवेतनाचा पाठपुरावा, परीक्षेच्या शुल्कासंबंधीची तक्रार अशा ज्या गोष्टींसाठी पूर्वी कागदावर सही करून, आवक-जावक क्रमांक घेऊन, प्रसंगी पोहोच पावतीसह रजिस्टर टपालाने पत्र धाडले जाई, त्या आज एका बोटासरशी रवाना होतात. (ते रजिस्टर टपालही स्वतंत्र सेवा म्हणून उरलेले नाही, २०२५ साली ते स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले.) पण या नव्या पत्रावर शिक्का नाही, सही नाही, लाखेचे सीलही नाही. ई-मेलच्या ‘प्रेषक’ या रकान्यात कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. मोठ्या ई-मेल कंपन्या अलीकडे आपल्या यंत्रातून निघणाऱ्या पत्रावर एक खूण टाकतात, हे खरे. परंतु ती खूण टपाल-कचेरीच्या तारखेच्या शिक्क्यासारखी आहे. पत्र कोणत्या कचेरीतून निघाले हे ती सांगते. लिहिले कोणी, हे सांगत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली ८८-अ हे कलम घातले. पाठवणाऱ्याच्या संगणकात भरलेला मजकूर आणि पोहोचलेला मजकूर एकच आहे, असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. मात्र तो कोणी पाठविला याविषयी काहीही गृहीत धरता येणार नाही, असे ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. आपण ज्या साधनाने सर्व कारभार चालवू लागलो आहोत, त्यावरील नावाला कायदा स्वतःहून काडीचीही किंमत देत नाही, ही गोष्ट किती लिपिकांना आणि किती मुख्याध्यापकांना माहीत असेल?

मराठी माणसाला खरे म्हणजे हा विषय परका वाटू नये. शिवकालापासून आपल्या पत्रांवर दोन ठसे उमटत. आरंभी मुद्रा, म्हणजे पत्र कोणाचे हे सांगणारा शिक्का. आणि शेवटी मोर्तब, म्हणजे पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे जे दिसेल ते आमचे नव्हे, असे बजावणारा छोटा शिक्का. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण त्यातील दुसरा अर्धा भाग कशासाठी होता हे विसरून गेलो आहोत. ‘ध’ चा ‘मा’ केल्याची नारायणराव पेशव्यांच्या खुनाची १७७३ मधील आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा वाद बाजूला ठेवू. परंतु एक अक्षर बदलले की धरावयाचा माणूस मारला जातो, ही भीती या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे. पत्र कोणी लिहिले आणि लिहिल्यावर ते बदलले गेले काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत व दोहोंची उत्तरे वेगवेगळ्या ठशांनी द्यावी लागतात, इतकी समज आपल्या पूर्वजांच्या दफ्तरात होती.

डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकदम करते. तिचे तत्त्व अवघड नाही. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक खासगी, ती कोणालाही द्यावयाची नाही. दुसरी सार्वजनिक, ती साऱ्या जगाला दिली तरी बिघडत नाही. मी माझ्या खासगी किल्लीने पत्रावर ठसा उमटविला की माझी सार्वजनिक किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला तो तपासता येतो. पत्रातला एक अनुस्वार बदलला तरी ठसा जुळत नाही. उलटपक्षी, माझ्या सार्वजनिक किल्लीने कोणी पत्र कुलूपबंद करून मला पाठविले, तर ते फक्त माझ्या खासगी किल्लीनेच उघडते. वाटेतल्या कोणत्याही यंत्रचालकाला ते वाचता येत नाही. ही सार्वजनिक किल्ली खरोखर माझ्याच पत्त्याची आहे, असे सांगणारा तिसऱ्या कोणाचा तरी दाखला म्हणजे प्रमाणपत्र. ई-मेलसाठी अशी प्रमाणपत्रे वापरण्याच्या पद्धतीला एस-माइम म्हणतात. थंडरबर्ड, आउटलुक किंवा ॲपलच्या मेलमध्ये तिची सोय फार वर्षांपासून आहे.

सोय आहे, मग वापर का नाही? एक कारण किमतीचे. या दाखल्याची गोष्टच मोठी विलक्षण आहे. मार्क शटलवर्थ या तरुणाने १९९५ साली दक्षिण आफ्रिकेत काढलेली थॉट ही कंपनी खासगी ई-मेलसाठी फुकट प्रमाणपत्रे देत असे. नुसता पत्ता नव्हे, तर आपले नावही प्रमाणपत्रात हवे असेल तर स्वयंसेवी साक्षीदारांना प्रत्यक्ष भेटून ओळखपत्रे दाखवावी लागत. आपल्याकडे मुख्याध्यापक सत्यप्रतीवर सही-शिक्का देत, तसलाच हा प्रकार. ती कंपनी मोठ्या अमेरिकी कंपनीने विकत घेतली आणि २००९ च्या नोव्हेंबरात ही फुकट व्यवस्था बंद झाली. तिच्या धर्तीवर लोकांनीच उभारलेली सीएसर्ट ही संस्था टिकली, पण ब्राउझर बनविणाऱ्यांनी तिला आपल्या विश्वासार्ह यादीत कधी घेतले नाही. इतर काही कंपन्यांनीही फुकट प्रमाणपत्रे दिली आणि पुढे हात आखडला. इटलीतील आक्टालिस ही संस्था मात्र गेली काही वर्षे एका वर्षाच्या मुदतीचे ई-मेल प्रमाणपत्र विनामूल्य देत आली आहे.

संकेतस्थळांच्या बाबतीत याच्या नेमके उलटे घडले. तेथेही कुलपाचा दाखला पैसे मोजून घ्यावा लागे आणि म्हणून लहानसहान संस्था तो घेत नसत. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था तो फुकट देऊ लागली आणि काही वर्षांत कोट्यवधी संकेतस्थळे कुलूपबंद झाली. तंत्र तेच होते. बदलली ती किंमत आणि दाखला मिळविण्याची खटपट. पण ही संस्था ई-मेलसाठी प्रमाणपत्रे देत नाही. त्यामुळे दुकानाच्या दाराला कुलूप आले आणि माणसाची पत्रे उघडीच राहिली.

आता आपल्या देशाकडे वळू. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला कागदावरील सहीचा दर्जा दिला. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना परवाना देण्यासाठी नियंत्रक नेमला, देशाचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र निर्माण केले. हे सगळे काळाच्या पुढचे होते यात शंका नाही. पण ही स्वाक्षरी कोणासाठी होती ते पाहा. कंपन्यांची विवरणपत्रे, प्राप्तिकर, निविदा, ग्रामपंचायतीची देणी, तलाठ्याचे फेरफार: सरकारला आणि व्यापाराला जेथे जेथे सही हवी होती तेथे तेथे ती आली. २०१८ पासून आपल्याला सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा मिळू लागला आणि त्याने खेटे कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. नागरिकाने स्वतःच्या पत्रावर करावयाची सही मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. ज्याला ती हवी असेल त्याने दलालाकडे जावे, आधार-पॅन द्यावे, कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवावे, डोंगल विकत घ्यावे आणि हजारापासून पुढे पैसे मोजावेत. मुदत संपली की पुन्हा तेच. आधारच्या साहाय्याने होणारी ई-साइन ही सोय २०१५ पासून आली खरी, पण तिच्यातील किल्ली एका सहीपुरती जन्माला येते आणि लगेच नष्ट होते. अर्जावर सही करण्यास ती चांगली. पत्रव्यवहार कुलूपबंद करण्यास निरुपयोगी.

त्यातून आणखी एक दुर्घटना घडली. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन विभागातून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडल्याचे गूगलला आढळले. नियंत्रकांनी ती रद्द केली. पण गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास थोड्या निवडक पत्त्यांपुरता मर्यादित केला, आणि थंडरबर्ड ज्यांच्या यादीवर चालते त्या मोझिलाने ते मूळ प्रमाणपत्र आपल्या यादीत घेतलेलेच नाही. परिणाम असा की, भारतीय कायद्याप्रमाणे पैसे मोजून घेतलेल्या प्रमाणपत्राने सही केलेले पत्र थंडरबर्डमध्ये उघडले की ‘या स्वाक्षरीची खात्री देता येत नाही’ अशा अर्थाची सूचना दिसते. उलट इटलीहून फुकट मिळालेल्या प्रमाणपत्राची सही तेथे बिनतक्रार मान्य होते. परंतु ती देणाऱ्या संस्थेला आपल्या नियंत्रकांचा परवाना नसल्यामुळे आपल्या कायद्यातील इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचे संरक्षण तिला लाभत नाही. न्यायालय ती पाहील, इतर पुराव्यांबरोबर तिचा विचारही करील, पण कायद्याचे गृहीतक तिच्या बाजूला उभे राहणार नाही. एक सही कायदा ओळखतो, यंत्र ओळखत नाही. दुसरी यंत्र ओळखते, कायदा ओळखत नाही. या कोंडीत सामान्य माणसाने काय करावे?

काहीजण म्हणतील, सामान्य माणसाच्या पत्राला कोण कशाला हात लावतो? २०२५ साली नागपूर विभागात उघडकीस आलेले शालार्थ प्रकरण आठवावे. बनावट कागदपत्रांच्या आधारे शिक्षकांना शालार्थ क्रमांक मिळाले, पगार निघाले, अधिकाऱ्यांना अटक झाली. डिजिटल स्वाक्षरीने अप्रामाणिक माणूस प्रामाणिक होत नाही, हे उघड आहे. पण कोणत्या हाताने सही केली हे तिच्यामुळे नाकारता येत नाही. आणि विश्वासार्ह कालमुद्रा जोडलेली असेल तर आजचा आदेश चार वर्षांपूर्वीचा म्हणून खपविता येत नाही. ज्या निरपराध शिक्षकाला ‘असा मेल आम्हांला आलाच नाही’ असे ऐकून घ्यावे लागते, त्याच्याजवळ निदान दाखवायला काही राहते.

येथे आणखी एका कोरेगावाचा उल्लेख करणे भाग आहे. पुणे जिल्ह्यातील भीमा-कोरेगावचा आपल्या कोरेगावाशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. १ जानेवारी २०१८ च्या तेथील हिंसाचारानंतर जो खटला उभा राहिला, त्यात आरोपींच्या संगणकांवर सापडल्याचे सांगितलेल्या पत्रांवर तपास यंत्रणांची मोठी भिस्त आहे. बचाव पक्षाने नेमलेल्या अर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ साली असा निष्कर्ष दिला की, एका आरोपीच्या संगणकात बाहेरच्या कोणी शिरकाव करून ती पत्रे ठेवली. तपास यंत्रणेला तो निष्कर्ष मान्य नाही. खरे काय ते न्यायालय ठरवील. त्यावर येथे मत देण्याचे कारण नाही. परंतु १८३९ चा प्रश्न जसाच्या तसा, नव्या वेषात, पुन्हा उभा आहे हे कोणाच्याही लक्षात येईल. आणि स्वाक्षरीचे प्रमाणपत्र असते तर हा वाद मिटला असता, असे समजणेही भाबडेपणाचे होईल. संगणकात शिरलेला चोर खासगी किल्लीही उचलू शकतो. म्हणून किल्ली संगणकाबाहेर, छोट्या कार्डात वा टोकनात असणे बरे.

किल्ली कोणाच्या हाती, हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. सरपंचाचे डोंगल संगणकचालकाच्या खणात आणि व्यापाऱ्याचे डोंगल करसल्लागाराच्या कपाटात, हे दृश्य तालुक्या-तालुक्यांत नित्याचे आहे. कायद्याच्या ४२ व्या कलमाने खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. आपण ती सोयीसाठी दुसऱ्याच्या हवाली करतो आणि मग ‘मी सही केलीच नाही’ म्हणतो. कारभाऱ्याच्या हाती मुद्रा देऊन निर्धास्त झोपणाऱ्यांचे काय झाले, हे इतिहासात पुष्कळ ठिकाणी नोंदलेले आहे. फुकट प्रमाणपत्र घेतानाही हे बघितले पाहिजे. काही संस्था खासगी किल्लीसुद्धा आपल्याच यंत्रावर तयार करून ग्राहकाला पाठवितात. अशा किल्लीने सही करण्यास फारशी हरकत नाही, पण अत्यंत खासगी पत्रे बंद करण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. किल्ली आपल्या यंत्रावर निर्माण व्हावी आणि केवळ तिचा सार्वजनिक भाग दाखल्यासाठी जावा, हीच योग्य रीत.

सरकारला कुलूपबंद पत्रे आवडत नाहीत, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सांकेतिक लेखनाविषयीच्या धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध केला. सांकेतिक केलेल्या संदेशाची उघडी प्रत नागरिकाने ९० दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. गदारोळ झाला आणि मसुदा लगेच मागे घ्यावा लागला. कायद्याचे ६९ वे कलम आजही सरकारला ठरावीक कारणांसाठी मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार देते. गुन्ह्याच्या तपासासाठी असा अधिकार असू नये असे कोणी म्हणणार नाही. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काला दाराची कडी तरी हवी की नको? आंतरदेशीय पत्राची कडा डिंकाने चिकटविणारा माणूस कट करीत नव्हता.

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा देश लोकसंख्येने साधारण तेरा लाखांचा. आपल्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस लाखांवर होती. त्या देशात २००२ पासून राष्ट्रीय ओळखपत्रातच सहीची व कुलपाची किल्ली असते. तिच्यासाठी वेगळे दुकान शोधावे लागत नाही. २०१७ साली त्या कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला, लाखो प्रमाणपत्रे थांबवावी लागली आणि नवी द्यावी लागली. दोष झाला, उघड सांगितला गेला, दुरुस्त झाला. व्यवस्था मोडून पडली नाही. आपल्याजवळ अब्जावधी आधार-पडताळणी पेलणारी यंत्रणा आहे. ई-मेल पत्त्याची खात्री करून एक दाखला देणे हे तिच्या मानाने फारच लहान काम होय.

आमची मागणी एवढीच आहे. नियंत्रकांच्या वर्गवारीत पहिल्या वर्गाचे, केवळ नाव व ई-मेल पत्ता यांची खात्री देणारे प्रमाणपत्र आधीपासून आहे. ते प्रत्येक नागरिकाला मागेल तेव्हा विनामूल्य मिळावे, किल्ली त्याच्याच यंत्रावर तयार व्हावी, आणि भारतीय मूळ प्रमाणपत्राला जगातील ई-मेल प्रणालींची मान्यता मिळविण्यासाठी लागणारी कठोर तपासणी सरकारने मनावर घ्यावी. यासाठी नवा कायदा नको. २००० च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्राचे शुल्क ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. कमाल मर्यादा पंचवीस हजार रुपयांची आहे आणि अर्जदारांच्या वेगवेगळ्या वर्गांसाठी वेगवेगळे शुल्क ठरविता येईल, असे तेच कलम सांगते. शून्य रुपये हा आकडा त्या मर्यादेत बसतो.

तोवर हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ संगणक आहे त्याने परदेशी का होईना, फुकट प्रमाणपत्र घ्यावे. आपला पत्ता नोंदवायचा, आलेला सांकेतिक क्रमांक भरायचा, मिळालेली फाईल परवलीच्या शब्दासह थंडरबर्डमध्ये बसवायची. अर्ध्या तासाचे काम आहे. पहिले सही केलेले पत्र पाठविले की आपली सार्वजनिक किल्ली समोरच्याकडे पोहोचते; त्याचेही तसेच पत्र आले की दोघांतील पुढची पत्रे बंद करता येतात. मात्र पत्राचा विषय आणि पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे पत्ते उघडेच राहतात, म्हणून विषयाच्या ओळीत गुपित लिहू नये. वर्षाने नवे प्रमाणपत्र घेतले तरी जुनी किल्ली फेकून देऊ नये, नाहीतर जुनी बंद पत्रे कायमची बंदच राहतील. जीमेलच्या साध्या, फुकट खात्यात ब्राउझरवरून ही सोय नाही आणि केवळ मोबाइलवर भागविणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यामुळे अडचण होते, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांना कोणत्याच संस्थेचा दाखला नको, त्यांच्यासाठी फिल झिमरमन यांनी १९९१ साली निर्माण केलेल्या पीजीपीची वाट आहे. त्यापायी अमेरिकन सरकारने त्यांच्यामागे काही वर्षे चौकशी लावली होती आणि १९९६ साली ती सोडून दिली. तिचेच मुक्त रूप २०२० पासून थंडरबर्डमध्ये अंगचेच आहे. किल्ली आपणच करावयाची, पैसा कोणालाही द्यावयाचा नाही. तेथे खात्री माणसे एकमेकांना देतात. तालुक्याच्या वाचनालयात एखाद्या रविवारी दहा शिक्षक आणि वीस विद्यार्थी ओळखपत्रे घेऊन जमले, प्रत्येकाने आपल्या किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा मोठ्याने वाचून दाखविला आणि इतरांनी तो आपल्या कागदाशी ताडून पाहिला, तर सायंकाळपर्यंत तीस माणसांची पत्रे एकमेकांपुरती खरी ठरतील. त्यासाठी ना दलाल लागतो, ना डोंगल.